गाण्यांमुळे प्रसिद्ध झालेल्या महामार्गावरून मुद्दाम गाडी चालवत जाण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुढच्या वर्षी भावाकडे अमेरिकेत यायचंय, चार दिवस मोकळे आहेत, रूट ६६ करावा का, आणि ‘हे लोक रस्त्यांवर एवढी गाणी का लिहितात?’ दोन्हीचं उत्तर एकाच रस्त्यावर मिळेल, पण तो ६६ नाही.

६६ चं आधी आटोपतो. १९२६ साली अमेरिकेत महामार्गांना क्रमांक देण्यात आले, त्यातला हा एक. शिकागो ते सांता मोनिका, साधारण ३,९०० किलोमीटर. १९४६ मध्ये नॅट किंग कोलने गायलेल्या गाण्याने तो घरोघरी पोचला. त्या गाण्यात वाटेतल्या गावांची नुसती यादी आहे, एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो तशी, आणि तरी ते कानाला गोड लागतं. १९८५ मध्ये हा क्रमांक अधिकृत यादीतून काढून टाकला, आता रस्ता तुकड्यातुकड्यांत उरलाय. चार दिवसांत होत नाही. सोडा.

मी सांगतोय तो ६१. तोही त्याच १९२६ च्या नंबरांतला. खाली न्यू ऑर्लिन्सपासून वर मिनेसोटापर्यंत, मिसिसिपी नदीची सोबत करत सुमारे २,२५० किलोमीटर. (तिकडे विषम आकडे दक्षिण-उत्तर रस्त्यांना आणि सम आकडे पूर्व-पश्चिम. आपल्याकडे २०१० च्या नव्या नंबरांत नेमकं उलटं आहे. सुरुवातीला माझा यात फार गोंधळ व्हायचा.) सगळा करायची गरज नाही. मेम्फिस ते क्लार्क्सडेल हा १२० किलोमीटरचा तुकडा, पुढे जमलं तर विक्सबर्गपर्यंत. मी मेम्फिसमध्ये नऊ वर्षं राहतोय, या तुकड्यावर आठ-दहा वेळा तरी गेलोय. पहिल्यांदा गेलो तेव्हा साफ निराश झालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कारण बघायला काहीच नाही. मेम्फिसची शेवटची गोदामं आणि जुन्या टायरांची दुकानं संपली की जमीन परातीसारखी सपाट होते. या भागाला ‘डेल्टा’ म्हणतात, पण हा समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधलं हे पूरमैदान आहे. ना घाट, ना वळण. ट्युनिकाच्या आसपास कॅसिनोच्या पाट्या लागतात आणि मग फक्त शेतं. मी अमरावती जिल्ह्यातला. एवढी तिकिटं काढून, विमानं बदलून मी पुन्हा पऱ्हाटीच्या वावरात येऊन उभा राहिलोय, हे लक्षात आल्यावर गाडीत एकटाच हसलो होतो.

ऑक्टोबर होता. गाडी कडेला घेतली आणि एक बोंड तोडून पाहिलं. आपल्या आया-आज्यांची बोटं ज्याने फाटतात तीच वाळलेली टोकं, नखाच्या कडेला बरोब्बर टोचणारी. फरक एवढाच की आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लांबवर एक अजस्र यंत्र चाललं होतं आणि पाठीमागे कापसाचे दंडगोल गठ्ठे टाकत होतं, पिवळ्या-गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. वेचणारी माणसं कुठे गेली, याचंच उत्तर म्हणजे या रस्त्यावरची ब्लूज, इथल्या काळ्या माणसांची गाणी. मला ते त्या दिवशी कळलं नाही. कळायला तीन-चार खेपा लागल्या.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली तरी डेल्टातली काळी माणसं त्याच शेतांवर राहिली, बटईने. बियाणं, खेचर, घर मालकाचं. मीठ-पीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर. आणि वर्षाअखेरीस हिशोब. लिहिणारा मालक, अंगठा देणारा हा. हिशोबात काही उरत नसे, उलट देणंच निघायचं. मुळात गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळेच तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपलं तसा १८६५ मध्ये मुंबईचा फुगा फुटला. शाळेत हे एका परिच्छेदात शिकलो होतो. त्या परिच्छेदाचं दुसरं टोक इथे आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तर असं देणं डोक्यावर असलेल्या माणसाला शेताच्या बांधावरून रोज एक रस्ता दिसतो. त्यावर पाटी, पाटीवर आकडा. अक्षरओळख नसली तरी आकडा वाचता येतो. माझा अंदाज असा की गाण्यात ‘रस्ता’ असं मोघम न येता ‘६१’ येतो, तो यामुळेच. रूझवेल्ट साइक्स या गायकाने १९३२ मध्येच या हायवेचं नाव घेऊन ब्लूज रेकॉर्ड केलं होतं आणि नंतर कितीतरी जणांनी तेच केलं. ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नसे. ६१ म्हणजे इथून निघणं. १९१० ते १९७० या काळात साधारण साठ लाख काळी माणसं दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेली. सगळी काही ६१ वरून नाही. ६१ शिकागोला जातच नाही, तो सेंट लुइसवरून वर सरकतो. ब्लूजचा नामांकित गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉलच्या शेतावरून शिकागोला गेला तो रेल्वेने. पण मेम्फिस हा पहिला टप्पा, आणि तिथवर हाच रस्ता.

गाण्याची बांधणीही बघण्यासारखी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत डाव टाकायचा. मी मित्राला समजवायला मराठीत एक जुळवलं होतं:

मालकाचा हिशोब झाला, माझ्या वाट्याला शून्य आलं.
हो, हिशोब झाला मालकाचा, माझ्या वाट्याला शून्य आलं.
उद्या झोपडीत शोधशील, तर माझं गाठोडंही गेलं.

कविता म्हणून सुमार आहे, कबूल. पण दुसऱ्यांदा ओळ म्हणताना काय होतं ते पाहा: ऐकणारा टांगून राहतो आणि गाणाऱ्याला तिसरी ओळ जमवायला वेळ मिळतो. प्रत्येक ओळीनंतर जी मोकळी जागा उरते तिथे गिटार बोलते. शाहिराच्या मागे झिलकरी ‘जी जी रं जी’ करतात ना, तेच काम. एकट्या माणसाला झिलकरी परवडत नाहीत, म्हणून गिटार.

आणि गिटार तरी कुठे परवडत होती? क्लार्क्सडेलमध्ये एका दुकानाच्या ओसरीवर एका आजोबांनी मला दाखवलं. भिंतीच्या लाकडी फळीवर दोन खिळे, मध्ये केरसुणीची तार ताणलेली, एका टोकाला तारेखाली बाटली खुपसलेली. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातली छोटी बाटली तारेवर सरकवायची. तार रडते. अक्षरशः माणूस हुंदका आवरतो तसा सूर निघतो. याला ते ‘डिडली बो’ म्हणतात. आपली एकतारी, फक्त भोपळ्याच्या जागी अख्खं घर. मी सरकवून पाहिलं तर मांजराची शेपटी पायाखाली आल्यासारखा आवाज आला. आजोबा सभ्य होते, हसले नाहीत.

क्लार्क्सडेलमध्येच तो सुप्रसिद्ध चौक आहे, ६१ आणि ४९ जिथे भेटतात तो. खांबावर तीन निळ्या गिटारी लावल्यात, लोक फोटो काढतात. आख्यायिका अशी की रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने मध्यरात्री चौफुलीवर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार वाजवायची विद्या घेतली. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये जाऊन त्याने एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. एवढ्यावर दंतकथा उभी राहायला काय लागतं! हीच गोष्ट त्याच्या आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जात होती. शिवाय मधल्या काळात रस्ते सरकलेत, त्यामुळे आजचा चौक मूळचा नव्हे असं जाणकार म्हणतात. अमावास्येला तिठ्यावर उतारा ओलांडायचा नाही, या धाकात वाढलेल्या माणसाला मात्र तिथे उभं राहून पटकन ‘भाकडकथा’ म्हणवत नाही. मी दुपारी बारा वाजता उभा होतो, तरी.

मला त्या चौकापेक्षा रिव्हरसाइड हॉटेलची इमारत जास्त लागली. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये बेसी स्मिथ, तेव्हाची ब्लूजची सम्राज्ञी, क्लार्क्सडेलजवळ ६१ वरच मोटार अपघातात सापडली आणि या इमारतीत वारली. तेव्हा इथे काळ्यांचा दवाखाना होता. हॉटेल १९४४ मध्ये झालं. गोऱ्यांच्या दवाखान्याने तिला दारातून परत पाठवलं, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. नंतर अपघाताच्या जागी असलेल्या डॉक्टरने सांगितलं की तसं झालं नव्हतं, तिला सरळ काळ्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं. म्हणजे दुसरं दार ठोठावून बघायचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. मला ही खरी हकीकत त्या खोट्या गोष्टीहून भयंकर वाटते.

गावाबाहेर हॉप्सन नावाचा मळा आहे. १९४४ मध्ये कापूस वेचायच्या यंत्राचं प्रात्यक्षिक इथेच लोकांसमोर झालं. एक यंत्र कित्येक माणसांचं काम करू लागल्यावर उरलेल्यांनी काय करायचं? पुन्हा तोच रस्ता. आज त्या परिसरात बटईदारांच्या जुन्या झोपड्यांत पर्यटक भाडं देऊन राहतात, आत एसी आहे. बायकोला गंमत वाटली, मला झोप लागली नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

गायक बॉब डिलनचं नाव आता घेतो, कारण तुमच्या प्रश्नात होतं. तो १९४१ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथला जन्मला. त्या काळी ६१ डुलुथवरून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत जायचा. वरचा भाग १९९१ मध्ये राज्य महामार्ग झाला, आकडा मात्र तोच ठेवला. बर्फातल्या त्या पोराच्या दारात ज्या रस्त्याचं एक टोक होतं, त्याच्याच दुसऱ्या भागात ही कापसाची गाणी होती. १९६५ च्या त्याच्या अल्बमच्या नावात ६१ आहे तो असा. त्या मानाने जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडचं ऑटोबानवरचं, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावरचं गाणं (१९७४) बघा: बावीस मिनिटं, यंत्रांचे सूर, गाडी चालवण्याचा कंटाळासुद्धा सुरात बसवलेला. ज्याची गाडी आहे त्याचं ते गाणं. ६१ ची गाणी ज्याच्याकडे गाडी नव्हती त्याची आहेत. रस्त्यांवर एवढी गाणी का, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच: निदान या रस्त्याची तरी प्रवासाच्या हौसेतून आलेली नाहीत.

आता कामाचं. नवा चौपदरी ६१ पोचण्यापुरता वापरा, जिथे जमेल तिथे ‘ओल्ड ६१’ अशी पाटी बघून आत वळा. जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, नागपूरचा मे आणि मुंबईची दमट हवा एकत्र. एप्रिलमध्ये क्लार्क्सडेलला ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव असतो, पण राहायची जागा खूप आधी ठरवावी लागते. मला स्वतःला ऑक्टोबर आवडतो, कापूस उभा असतो. शनिवारची रात्र क्लार्क्सडेलमध्येच काढा, इतर दिवशी गाव दहाला झोपतं. डेल्टा ब्लूज म्युझियम जुन्या मालधक्क्यात आहे, दोन तास ठेवा. पुढे माउंड बायू लागेल, १८८७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांनी वसवलेलं गाव. थांबा, निदान पाटी वाचा. शाकाहारी असाल तर हाल आहेत, पालेभाजीतसुद्धा डुकराचं मांस घालतात. तळलेली भेंडी मागा, ती सगळीकडे मिळते आणि चांगली असते.

आणि गाडीत काय लावायचं? गेल्या खेपेला माझ्याबरोबर ऑफिसमधला एक सहकारी होता, मेम्फिसचाच, त्याची पणजी याच भागातून गेलेली. येताना तिन्हीसांजेला त्याची यादी संपली म्हणून मी अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ लावली. काय म्हणतोय, त्याने विचारलं. म्हटलं, पोटासाठी मुंबईला गेलेला माणूस आहे, बायको गावी राहिली. मुंबईत काय होतं? कापडाच्या गिरण्या. तो ‘कॉटन’ एवढंच म्हणाला आणि बाहेर बघत राहिला. मग मी सांगितलं की लिहिणारा स्वतः लहानपणी घरच्यांबरोबर सांगलीकडच्या वाटेगावहून मुंबईला पायी गेला होता, दोनशे मैल तरी असतील.

‘कुठला हायवे?’

मी म्हटलं, तेव्हाचं सोड, आता त्या वाटेला ४८ म्हणतात. त्याने ‘फोर्टी-एट’ असं दोनदा पुटपुटून पाहिलं, ओळीत बसतो का ते तपासल्यासारखं.