अख्खं डुक्कर घेताना काय कापून घ्यायचं आणि काय अख्खं ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या वाडीतली चार घरं मिळून नाताळाला साधारण ८० किलोचं डुक्कर घेणार आहात. एका घरी २०० लिटरचा डीप फ्रीझर आहे, बाकी तिघांकडे साधे डबल डोअर फ्रिज. खाटकाने विचारलं, "कसं कापून देऊ?" आणि तुम्ही नेटवर शोधलेल्या इंग्रजी तक्त्यातली वीस-बावीस नावं बघून गोंधळात पडलात.

तो तक्ता बाजूला ठेवा. तो ओव्हन आणि ग्रिल असलेल्या स्वयंपाकघरासाठी आहे. आपल्याकडे डुकराचं मांस शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) मुरतं, मंद आचेवर शिजतं आणि स्वतःच्याच चरबीत परततं. शिरका-मसाल्यातल्या मांसाच्या रश्श्याला आमच्या वसईत इंद्याल म्हणतात, तुमच्याकडे विंदालू, आणि दोन्हीकडे सोरपोतेल, म्हणजे डोक्याचं मांस आणि काळीज बारीक चिरून केलेलं कालवण. म्हणून कापायच्या आधी चारही घरांनी बसून पुढच्या काही महिन्यांत खरोखर काय रांधणार ते ठरवा. खाटकाला सांगायचं ते त्यातूनच निघेल.

आधी वजनाचं बोलून घ्या, कारण भांडणं तिथेच होतात. भाव जिवंत वजनावर आहे की साफ केलेल्या वजनावर, हे बयाणा देण्यापूर्वीच विचारा. ८० किलोचं जनावर साफ करून, डोकं-पाय-कातडीसकट ५८ ते ६० किलो भरतं. त्यात मागच्या दोन मांड्या मिळून १४-१५ किलो, मानेसकट दोन्ही खांदे तेवढेच, पाठ ११ च्या आसपास, पोट आणि बरगड्या मिळून ११, डोकं चार-साडेचार, खूर दीडेक किलो. काळीज, दिल, गुर्दे यांचं वजन वेगळं. जनावर जास्त चरबीचं असेल तर पोट आणि पाठ जड होतात. नर असेल तर लहानपणीच खच्ची केलेला आहे ना, हेही विचारा. न केलेल्या मोठ्या नराच्या चरबीला शिजताना असा दर्प सुटतो की शिरका आणि मसाला कितीही घातला तरी जात नाही.

कातडी काढू देऊ नका. केस गरम पाण्याने किंवा जाळावर भाजून नीट खरवडून घ्या, काखेत आणि कानामागे राहतात तेवढे स्वतः बघा. पण कातडी आणि तिच्याखालची बोटभर चरबी मांसावर राहू द्या. इंद्यालच्या रश्श्याला जी घट्ट, चिकट चव येते ती कातडीची. फ्रीझरमध्येही त्या बाजूने मांस सुकत नाही.

माझं सगळ्यात ठाम मत खांद्याबद्दल आहे. आपल्या स्वयंपाकाला खांदा आणि मान यांच्याइतकं योग्य मांस त्या जनावरात दुसरं नाही. खांदा आडवा कापला की त्या तोंडावर बघा: लाल मांसाचे चार-पाच वेगवेगळे गोळे दिसतात, प्रत्येकाच्या मधून पांढरी चरबी आणि पातळ पडदे गेलेले. दीड-दोन तास मंद शिजवलं की ते पडदे विरघळतात आणि मांस मऊ पडतं. लोक मात्र मांडीसाठी भांडतात, कारण ती दिसायला भरीव असते. मांडीत चरबी बाहेरच्या बाजूला आणि आत कोरडं लाल मांस, म्हणून तिचं विंदालू केलं की तंतू तंतू होतात. मांडी रोस्टसाठी चांगली. एक अख्खी मांडी हाडासकट नाताळाच्या जेवणाला ठेवा. दुसरीचे सांध्यावरून दोन-दोन किलोचे ठोकळे करून घ्या, ते ईस्टरला किंवा घरच्या लग्नकार्याला उपयोगी पडतील.

चौकोनी लहान तुकडे करून घेऊ नका. खाटीक विचारेल, "करी पीस करू?" आणि हो म्हणणं सोपं वाटतं, पण जितके तुकडे लहान तितकं मांस जास्त उघडं पडतं, जास्त सुकतं, आणि चरबी लवकर खवट होते. डुकराची चरबी बकऱ्याच्या चरबीपेक्षा मऊ असते आणि फ्रीझरमध्येही हवा लागली की तिला हळूहळू वास येतोच. खांद्याचे दीड किलोचे ठोकळे ठेवा, एका घराच्या एका जेवणाला तेवढे पुरतात. अर्धवट वितळले असताना सुरी छान चालते, तुकडे तेव्हा करा.

सत्तूर ओंडक्यावर आपटून हाडं फोडली की बारीक कपच्या उडतात आणि मांसात रुततात. रश्श्यात त्या दाताखाली येतातच, पण त्याआधी पिशवीला भोक पाडतात. त्या भोकातून हवा शिरते आणि दोन महिन्यांनी त्या जागी मांस पांढरट, कोरडं, भुसभुशीत झालेलं दिसतं. म्हणून कणा करवतीने कापायला सांगा आणि बाकी सगळं सांध्यातून सुरीने सोडवायला सांगा. वेळ लागतो. सकाळच्या गर्दीत खाटीक वैतागेल, म्हणून हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा आणि जास्तीची मजुरी आनंदाने द्या.

पाठ म्हणजे चापांची, हाडासकट आडव्या कापांची जागा. चाप हवेच असतील तर बोटाच्या दोन पेरांइतके जाड घ्या, पातळ चाप तव्यावर चामडं होतात. मी तर अर्धी पाठ हाडासकट ठोकळ्यातच ठेवायला सांगते. पोटाचा पट्टा कातडीसकट रुंद तुकड्यांत. बरगड्या पोटापासून सोडवताना खाटीक मांस वर ठेवतो की हाडाला ठेवतो ते बघा. हाडाला थोडं राहिलं पाहिजे, तरच बरगड्यांची आमटी चवीची होते.

पाठीवरची चरबी आणि पोटाच्या आतली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच पिशवीत टाकू नका. गुर्द्यांभोवती जी पांढरी शुभ्र चरबी असते ती हाताने ओढली की पातळ पापुद्र्यासकट अख्खी सुटून येते. बारीक चिरून, वाटीभर पाणी घालून मंद आचेवर कढवली, गाळून बरणीत भरली, तर फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने राहते आणि तिला डुकराचा वासही जवळजवळ येत नाही. पाठीवरची चरबी घट्ट असते, ती सॉसेजसाठी. घरी गोव्यासारखी सॉसेज करणार असाल तर खांद्याचे हाताने कापलेले तुकडे आणि त्याच्या निम्म्याहून थोडी कमी पाठीची चरबी घ्या. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा त्यासाठी बरोबर आहे, पावसाळ्यात तो नाद नको. मीठ लावलेलं मांस फ्रीझरमध्ये उलट लवकर खवट होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. सॉसेज दोनेक महिन्यांत संपवा.

डोकं खाटकाकडे सोडून येऊ नका. सोरपोतेलाचा जीव डोक्यात आणि काळजात आहे. डोकं भाजून, खरवडून, मधोमध दोन फाका करून घ्या. गालाखालच्या गाठी काढून टाकायला सांगा. मीठ आणि शिरका घातलेल्या पाण्यात उकडलं की गाल, जीभ, कान सगळं सुटून येतं, ते बारीक चिरून काळीज-दिलासोबत परतायचं. रक्त घालणार असाल तर स्वच्छ भांड्यात थोडा शिरका घालून ठेवा, रक्त पडत असताना सतत ढवळा म्हणजे गोठत नाही, आणि त्याच दिवशी वापरा. सोरपोतेल शिजवूनच फ्रीझरमध्ये ठेवावं. तसंही ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खरं लागतं.

आता एक गोष्ट नीट वाचा. जनावर उघडल्यावर जीभ, दिल, मान आणि मांडीच्या आतलं मांस तुम्ही स्वतः उजेडात बघा. मांसात साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या, पाणीदार गाठी दिसल्या तर ते मांस घेऊ नका, तेवढाच भाग कापून टाकून बाकीचं ठेवायचं असंही करू नका. त्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी असतात. कच्चं राहिलेलं असं मांस खाल्लं की माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या या मांसातून थेट होत नाहीत, त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातावर येतात आणि पोटात जातात त्यातून होतात. म्हणून डुक्कर कुठे वाढलं हे महत्त्वाचं. बंदिस्त गोठ्यात, खाद्य घालून वाढवलेलं घ्या, उघड्यावर फिरणारं नको. आणि जनावर कसंही असलं तरी मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे. खिमा आणि सॉसेज आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले पाहिजेत. आपल्या रश्श्याच्या पद्धतीत ते सहज होतं, लक्ष ठेवायचं ते मोठ्या रोस्टवर.

किनाऱ्यावरची आपली खरी अडचण गारव्याची आहे. थंड देशांत अर्धं जनावर रात्रभर शीतगृहात टांगतात. आपल्याकडे डिसेंबरातही सकाळी दहानंतर ऊन तापतं. म्हणून काम पहाटे सुरू करा आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून चुरा केलेला बर्फ आधीच सांगून ठेवा. मासळीचे थर्माकोलचे खोके चालतात, पण नवे घ्या, वापरलेल्या खोक्याचा बांगड्याचा वास चरबी लगेच ओढून घेते. मांस जाड पिशवीत बांधून बर्फात ठेवा, वितळलेल्या पाण्यात ते भिजता कामा नये, खोक्याला खाली भोक पाडून पाणी जाऊ द्या. असं एक दिवस ठेवून मगच फ्रीझरमध्ये. कापल्या कापल्या गोठवलेलं मांस वितळताना आखडतं आणि चिवट होतं.

फ्रीझरच्या बाबतीत लोक जागेचा हिशोब करतात, गोठवण्याच्या ताकदीचा करत नाहीत. २०० लिटरच्या फ्रीझरमध्ये ६० किलो मांस बसतं. पण एका दिवसात तो सात ते नऊ किलोच नीट गोठवू शकतो. फ्रिजच्या वरच्या ६० लिटरच्या कप्प्यात दिवसाला दोन-तीन किलो. सगळं एकदम कोंबलंत तर मधले ठोकळे दोन दिवस गोठणारच नाहीत आणि आधी गोठलेलंही मऊ पडेल. त्यामुळे सोरपोतेल आणि पहिलं इंद्याल त्याच दिवशी रांधायला घ्या. काळीज उरलं तर ते आणि खिमा गोठवण्याच्या पहिल्या दिवशी ठेवा, पोट आणि बरगड्या दुसऱ्या दिवशी, मांड्यांचे ठोकळे शेवटी. तोवर बाकीचं बर्फात, आणि बर्फ रोज बदलायचा. प्रत्येक पिशवीतली हवा दाबून काढा, वर दुसरी पिशवी घाला, आणि भाग, वजन, तारीख लिहा. गोठल्यावर खांदा आणि मांडी ओळखू येत नाहीत.

उणे १८ अंशांवर मांस खराब होत नाही, पण चव जाते. काळीज आणि खिमा तीन महिन्यांत, पोट चार महिन्यांत, खांदा आणि मांडी मोठ्या ठोकळ्यांत सहा-आठ महिने. साधा फ्रिज दिवसभर उघडझाप होत असतो, तिथे याच्या निम्मं धरा. म्हणून डीप फ्रीझरमध्ये चारही घरांचे मोठे ठोकळे, आणि ज्याच्या त्याच्या फ्रिजमध्ये लवकर संपायचं.

कागदावरचे हे महिने काहीही असोत, मी सगळं मेअखेर संपवा असंच सांगेन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, त्यापुढे नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासाच्या काळात आपल्याकडे मांस तसंही कमी होतं, तेव्हा चरबीचे भाग त्याआधी आणि मांड्या-खांदे नंतर असं धरा, हिशोब आपोआप बसतो.

वाटे घालताना सगळ्या भागांचे चार-चार समान तुकडे करू नका. त्यात कोणालाच पुरेसा खांदा मिळत नाही आणि डोकं चौघांत फुकट जातं. भाग वेगळे मांडा, सगळ्याला एकच भाव लावा, आणि ज्या घरी जे होतं ते त्या घराने उचलावं. रोस्ट करणारीला मांडी, सॉसेजवालीला खांद्याचा जास्तीचा ठोकळा आणि पाठीची चरबी. डोकं आणि काळीज जिला सोरपोतेल हातखंडा जमतं तिला बिनपैशांनी द्या, शिजलं की चारही घरी डबा जाईल. वजन मात्र सगळ्यांसमोर काट्यावर करा आणि वहीत लिहा.

वितळवताना ठोकळा आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ताटात ठेवा. दीड किलोला एक दिवस पुरतो, रोस्टच्या अख्ख्या मांडीला तीन दिवस धरा. ओट्यावर ठेवून वितळवू नका, आपल्या दमट हवेत बाहेरचा थर तापतो आणि आत दगड तसाच राहतो. इंद्यालसाठी तर अर्धवट वितळलेल्याचेच तुकडे करून शिरका-मसाल्यात टाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, उरलेलं त्यातच वितळतं आणि सुटलेलं पाणी मसाल्यात मुरतं. त्यामुळे शिजवताना वरून पाणी घालू नका.