वकील कुणाचा, पेशंटचा का फी भरणाराचा?

प्रश्न : मॅडम, माझ्या बहिणीला दाजींनी शहरातल्या एका प्रायव्हेट मानसोपचार दवाखान्यात ॲडमिट केलंय, महिना उलटून गेला. तिला आधीपासून त्रास आहे, गोळ्या चालू होत्या, ते खोटं नाही. पण आम्हाला भेटू देईना गेलेत, फोन लावला की नवऱ्याची परवानगी आणा म्हणायलेत. वडलांनी तिच्या नावावर दोन एकर केलेलं आहे, ते आता डॉक्टरच्या कागदावर माझं होतंय असं दाजी गावात सांगायलेत. वकील म्हणतात अशा केसमध्ये नवरा म्हणेल तसंच, आमचं काही चालत नाही. खरंय का? (एक भाऊ, जिंतूर तालुका)

उत्तर : दादा, अजिबात खरं नाही, आणि असं सांगणाऱ्या वकिलाने २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडूनसुद्धा पाहिलेला नसणार. त्यात पेशंटला फुकट वकील मिळायचा हक्क आहे. परभणीच्या कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं साधा अर्ज द्या, मानसिक आजार असलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

वकील मिळाला की त्याने आधी दवाखान्यात जाऊन तिला एकटीला भेटायचं, दाजी नाहीत, तुम्ही पण नाहीत. बाकीच्यांच्या भेटीगाठींना दवाखान्याचे नियम असतात, पण पेशंटच्या वकिलाला अडवता येत नाही. मग कागद मागायचे, म्हणजे कोणत्या कलमाखाली ॲडमिट केलं, कुणी तपासलं, सही कुणाची. तिच्या मर्जीशिवाय ठेवलं असेल तर ते कलम ८९, त्याची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि बाई असेल तर ३ दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, सगळे त्याला रिव्ह्यू बोर्डच म्हणतात. ३० दिवसांच्या पुढं ठेवायचं तर कलम ९०, तिथं दोन मानसोपचार तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं आणि बोर्डाची मंजुरी लागते. तुमचा तर महिना उलटून गेलाय, म्हणजे पहिला प्रश्न हाच की ९० चे कागद दाखवा. नसतील तर बोर्डाकडे अर्ज, त्याला फी नाही.

नवऱ्याची परवानगी हा प्रकार कुठून आला ते पण सांगते. पेशंटने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाइकाला त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या बाजूने बोलणारा माणूस, धरतात, म्हणून दाजींची सही चालली. पण तिला दुसरं कुणी हवं असेल तर साध्या कोऱ्या कागदावर नाव लिहून सही नाहीतर अंगठा पुरे, स्टॅम्प पेपर लागत नाही (तहसीलसमोर बसणारे पाचशेचा घ्या म्हणतील, घेऊ नका). त्या माणसाने मला मान्य आहे असं लिहून द्यायचं, झालं.

जमिनीचं म्हणाल तर दवाखान्याच्या कागदावर सातबारा बदलत नाही. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस वेडसर ठरत नाही, ते कोर्टाने ठरवायचं असतं. तलाठ्याकडे काही फेरफार आलाय का तेवढं बघून ठेवा, आला असला तर लेखी हरकत द्या.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं एक. हा वकील तुमचा नसतो, तिचा असतो. तो भेटला आणि ती म्हणाली की मला इथंच बरं वाटतंय, मला माहेरीबी जायचं नाही, तर त्याने बोर्डापुढं तेच मांडायचं. दोन एकरावर दाजींचा डोळा आहे तसा माहेरच्यांचाही असू शकतो, मी तुमच्याबद्दल म्हणत नाही, पण अशा केसमध्ये दोन्हीकडची माणसं पेशंटच्या नावाने बोलत राहतात आणि तिला कुणी विचारतच नाही.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो, मोठ्या भावाला डोक्याचा त्रास आहे, पळून जातो म्हणून घरी साखळीनं बांधून आईजवळ ठेवतो. पोलीस केस होते का? (बीड जिल्हा)

उत्तर : साखळीला या कायद्यात पूर्ण बंदी आहे, आणि घरात कुणाचे हाल होतायत असं पोलिसांना कळलं तर त्यांनी मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं. पण मी तुम्हाला आधी पोलीस ठाणं दाखवणार नाही. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, टोळी निघायच्या आधी त्याला तिथं दाखवा, १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून मराठीतून विचारताही येतं. गोळ्या सुरू झाल्या की आईला कशा द्यायच्या ते डॉक्टरकडून समजून घ्या, आणि त्याला सोबत कारखान्यावर नेणार असाल तर केसपेपरची झेरॉक्स घेऊन जा, तिथल्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येईल.