‘असला विचार मनात येतो, मग मी कसली ख्रिस्ती?’

पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. पहिलंच वाक्य होतं, “मी तीन महिने प्रभुभोजन घेतलेलं नाही.”

वय पंचेचाळीसच्या आसपास, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. वडगाव शेरीहून बस बदलत रास्ता पेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीपर्यंत पोचायला त्यांना साडेसहा वाजले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही.)

सासूबाई मांडीचं हाड मोडल्यापासून आठ महिने अंथरुणावर. नवरा चाकणला कंपनीत, पाळ्यांची नोकरी. पहाटे पाचला उठून सासूबाईंचं अंग पुसायचं, डायपर बदलायचा, पेज भरवायची, मग डबे, मग शाळा. एका पहाटे पाठ पुसता पुसता मनात लख्खकन आलं, ‘ह्या गेल्या तर बरं.’ ओला टॉवेल हातातच राहिला. त्यानंतर तो विचार रोज यायला लागला.

बायबलमधल्या योहानाच्या पत्रातलं वचन त्यांनी मला पाठ म्हणून दाखवलं, ‘जो कोणी आपल्या बंधूचा द्वेष करतो तो नरहिंसक आहे.’ मग म्हणाल्या, “म्हणजे मी कोण झाले? असला विचार मनात येतो, मग मी कसली ख्रिस्ती?” रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की त्या कुणाचं तरी रडणारं मूल घेऊन चर्चच्या व्हरांड्यात जायच्या. मूल रडत नसलं तरी.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो. कुणाला प्रार्थनेत डोळे मिटले की घाणेरडी चित्रं दिसतात, कुणाच्या तोंडाशी गीत म्हणताना शिवी येते. आपल्या मंडळ्यांत आजारपणाची साक्ष उभं राहून देता येते. ही देता येत नाही. (दिवसाचे तासन्‌तास असल्या विचारांत जात असतील, तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.)

माझी चूक आधी सांगते. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हटलं, तो विचार आला की लगेच तेविसावं स्तोत्र म्हणा. दोन आठवड्यांनी आल्या त्या आणखी खचून. आता स्तोत्र सुरू केलं की पाठोपाठ तो विचार हजर. मला हे कळायला हवं होतं. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 1987चा प्रयोग मी स्वतः शिकवते. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा, असं त्याने लोकांना सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. मी या बाईंच्या हातात स्तोत्राची घंटी दिली होती.

मग दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा साधू लिहून गेला आहे, त्याचा आशय असा: विचार यावेत की नाहीत हे आपल्या हातात नाही, ते रेंगाळावेत की नाहीत हे आहे. त्यांना साधूपेक्षा येशू जवळचा, म्हणून विचारलं, “चाळीस दिवसांच्या उपासानंतर ‘या दगडांच्या भाकरी कर’ हे सैतानाचं बोलणं त्यालाही ऐकू आलंच ना? ऐकू येणं म्हणजे होकार देणं का?” त्या गप्प. मी म्हटलं, “योहान द्वेषाबद्दल बोलतोय. द्वेष करणारी बाई पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री उठून कूस बदलून देत नाही.” तेव्हा कुठे पर्सवरचा हात सैल झाला.

वहीत फक्त विचार लिहू नका, त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत हातांनी काय केलं तेही लिहा, असं सुचवलं. वही आली आणि मी जरा चाट पडले. ‘ह्या गेल्या तर बरं’च्या पुढे लिहिलं होतं, ‘घाबरले. पाणी परत गरम करून आणलं.’ ज्या विचाराची त्यांना इतकी भीती, त्याने हात उलट मऊच केले होते.

खरी गोची तीन पानं पुढे होती. ‘वन्सं नगरहून आल्या. संत्री आणली. स्तोत्र वाचलं. आई म्हणाल्या, लेक आली, जिवात जीव आला. मी पेजेची वाटी ठेवली. आवाज झाला.’ त्याच रात्री, ‘मुलगा म्हणाला भाजीत मीठ कमी. म्हटलं, हात आहेत ना तुला.’ त्यानंतर, ‘ह्यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही.’ डावीकडे विचाराच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच ओळ होती, ‘मीच करते म्हणून चाललंय.’

“या विचाराची भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“त्यात काय भ्यायचं? खरंच आहे ते. प्रार्थनेतही सांगते मी.”

1955 पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारा अल्बर्ट एलिस ‘अमुक व्हायलाच पाहिजे’ या हट्टाला माणसाच्या दुःखाचं मूळ मानायचा. स्वतः नास्तिक, पण हे बरोबर पकडलंय त्याने. इंग्रजीत त्यासाठी अख्खा शब्द लागतो, आपल्याकडे एका ‘च’वर भागतं. मी त्यांना लाल पेन दिलं आणि वहीतले सगळे ‘च’ गोल करायला सांगितले. मीच. मलाच. त्यांना कळायलाच हवं. पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा आठवतो? बापाचा पैसा उधळून धाकटा परत आला म्हणून घरात मेजवानी आणि हा बाहेर उभा. इतकी वर्षं सेवा केली, मला कधी करडूही दिलं नाही, म्हणतो. एकही आज्ञा न मोडणारा माणूस मनात करडाचा हिशेब ठेवत होता. (या ठिकाणी बायकांना मार्थेची, म्हणजे येशू घरी आला तेव्हा कामात गुंतून कुरकुरणाऱ्या बाईची, गोष्ट ऐकवायची पद्धत आहे. मी ती टाळते. ती सांगणाऱ्या पुरुषाला चहा बहुधा कुणीतरी मार्थेनेच आणून दिलेला असतो.)

बाई बराच वेळ त्या गोष्टीपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, “करडू मी कधी मागितलंच नाही.”

हे फार नेमकं होतं. ‘मी बोलून दाखवत नाही’ याला त्या सहनशीलता समजत होत्या. न मागितलेली मदत मिळाली नाही की राग साठायचा आणि तो वाटीच्या आवाजातून बाहेर पडायचा. मुलाला मीठ मिळायचं नाही आणि नवऱ्याला उत्तर.

पुढच्या वेळी नणंद आली तेव्हा त्यांनी विचारलं, “वन्सं, आज आईंचं अंग तुम्ही पुसाल?” नणंद रडायलाच लागली. आईच्या पाठीची हाडं बघवत नाहीत, हात लावायची भीती वाटते, म्हणून ती स्तोत्र वाचत बसायची. त्या दिवशी दोघींनी मिळून केलं. नवऱ्याकडे शनिवारची रात्र आली. त्यावरून एकदा भांडण झालं, तेही नीट, मोठ्याने.

परवा त्या फोनवर सांगत होत्या, “तो विचार आला होता आज. पाठ पुसताना.”

“मग?”

“म्हटलं, आलास का. तेवढ्यात आई ओरडल्या, पाणी गार आहे! मग गरम आणायला गेले.”

“आणि तो?”

“काय की. बघितलं नाही मी.”