पोरगा आत आहे. त्याला तिथे काही मिळतं का?

"आत पोरांना शिकवतात म्हणे, कामही देतात. मग माझा नुसता बसून का असतो?" तुरुंगात असलेल्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम मी करते. हा प्रश्न या ना त्या शब्दांत बहुतेक आया विचारतात. आत गेलेलं पोर वाया जाणार, ही भीती त्यामागे असते. अशाच एका मावशींची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बाविशीचा, दहावीला गणितात अडकलेला. दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात पहिल्यांदाच अटक. मावशी धुणीभांडी करतात, नवरा वारलेला, घरात लग्नाची मुलगी. मुलगा एका मध्यवर्ती कारागृहात होता. मावशी काम बुडवून मुलाकातीला जायच्या. काचेपलीकडे तो, दोघांच्या कानाला फोन, आणि मिळालेली सगळी मिनिटं रडण्यात जायची. "जेवलास का" याच्यापुढे बोलणं सरकायचंच नाही.

तुरुंगाच्या ज्या चांगल्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या बऱ्याचशा शिक्षा लागलेल्या, म्हणजे पक्क्या कैद्यांच्या असतात. कारखान्यातलं काम आणि त्याची मजुरी, खुलं कारागृह, फर्लो-पॅरोलची म्हणजे काही दिवस घरी जायची रजा, हे सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी. मावशींचा मुलगा कच्चा कैदी होता, खटला चालू असलेला. देशातल्या तुरुंगांत 2022च्या अखेरीला दर चारांपैकी सुमारे तिघे असेच कच्चे होते. त्यांना सक्तीने कामाला लावता येत नाही, आणि ते कधीही सुटतील म्हणून लांब पल्ल्याच्या कार्यक्रमांत त्यांना सहसा कोणी धरत नाही. त्यामुळे त्यांचा दिवस रिकामा जातो. मावशींना हे कळलं तेव्हा निदान एवढं हलकं वाटलं, की पोरगा आळशी म्हणून बसून नाही.

पण कच्च्या कैद्याला काहीच नाही, असंही समजू नये. मोठ्या कारागृहांत वाचनालय असतं, साक्षरतेचे वर्ग असतात. काही ठिकाणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची अभ्यासकेंद्रं आहेत. डॉक्टर असतो. घरून पाठवलेल्या मनीऑर्डरमधून कॅन्टीनचा साबण, बिस्किटं घेता येतात. स्वतःचे कपडे घालता येतात. ई-मुलाकातीसाठी, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीसाठी, घरच्यांना ऑनलाइन नाव नोंदवता येतं. अडचण एवढीच, की शेकडो माणसांच्या गर्दीत यातलं काही आपोआप चालत येत नाही. ते मागावं लागतं, आणि शक्यतो लेखी. आतला मुलगा मागायला कचरतो, बॅरेकमधले जुने लोक "कशाला साहेबाच्या नजरेत येतोस" म्हणतात. मग बाहेरच्यांनी मागायचं.

मावशींना लिहिता येत नव्हतं. आम्ही दोघींनी बसून अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज केला. एक विनंती वाचनालयाची आणि वर्गाची. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटत होती. मावशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "हल्ली तो वर बघतच नाही हो ताई. मागच्या खेपेला म्हणाला, तू येऊ नकोस, माझ्यासाठी पैसे घालवू नकोस." झोप लागत नाही, जेवण जात नाही, असंही त्याच्याकडून कळलं होतं. असं बोलणं कोणाही कैद्याच्या घरच्यांनी ऐकलं तर ते मनात ठेवून घरी येऊ नये. त्याच दिवशी गेटवर तुरुंगाधिकाऱ्याला सांगावं आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावं असं लिहून द्यावं, पोच घ्यावी. मानसिक आजारी कैद्यावर उपचार करणं ही 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने यंत्रणेवर टाकलेली जबाबदारी आहे. घरच्यांचा स्वतःचा जीव घाबरा होत असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मुलाला डॉक्टरांनी पाहिलं, औषध सुरू झालं. वर्गालाही तो बसू लागला.

अर्जासाठी आधारची झेरॉक्स हवी होती म्हणून मावशींनी प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे रिकामी केली. मुलाकातीच्या चिठ्ठ्या, लाइटबिल, वकिलाला दिलेल्या पैशांचे हिशोब आणि चार घड्या घातलेला एक कोर्टाचा कागद. मी तो उलगडून वाचला. 15,000 रुपयांचा जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार दिल्यास सुटका करावी, असा तो आदेश होता. जामीन केव्हाच मंजूर झाला होता!

मी विचारलं, "मावशी, हे माहीत होतं?"

"वकील म्हणाले होते जामीनदार आणा. मी कुठून आणू? चाळीत सांगितलंय तो सुरतेला कामाला आहे म्हणून. पोरीची सोयरीक चाललीय."

मुलगा खरोखर कुठे अडकला होता, ते मला इथे कळलं. मावशी मुलाकातीला जात होत्या, पैसे पाठवत होत्या, उपास धरत होत्या, पण जामीन राहशील का असं कोणाला विचारायचं तर आधी तो तुरुंगात आहे हे सांगावं लागणार होतं. आमच्या पुढच्या भेटींत आम्ही कायद्यापेक्षा यावरच जास्त बोललो. सगळ्या चाळीला सांगायची गरज नव्हती. एकाच माणसाला सांगायचं होतं. कोणाला, हे ठरवायला वेळ लागला. दीर नको, तो गावभर करेल. भाऊ नको, तो म्हणेल सडू दे. शेवटी मावशींनी ज्यांच्याकडे त्या कित्येक वर्षं भांडी घासतात त्या बाईंचं नाव घेतलं. काय बोलायचं ते माझ्यासमोर दोन-तीनदा बोलून पाहिलं. पहिल्यांदा "चोरी" हा शब्द तोंडातून निघेना. मी थांबले, घाई केली नाही. लाज घालवून टाका असं सांगून ती जात नसते.

दरम्यान आम्ही जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसं सांगतं. फुकटचा वकील काय कामाचा, असं मावशींना वाटत होतं. ते मला समजतं, पण कागदाची घडी उलगडून पुढचा अर्ज या वकिलांनीच केला. मोठा पैसा असलेला किंवा स्थानिक जामीनदार मिळत नसेल, तर रोख रक्कम भरून सोडावं अशी विनंती कोर्टाला करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023मध्ये सांगून ठेवलं आहे, की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार आलाच नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. मावशींच्या मुलाच्या बाबतीत हा धागा मध्येच कुठेतरी तुटला होता. असे तुटलेले धागे मी वरचेवर पाहते, आणि मला त्याचा संताप येतो. मंजूर जामिनानंतरचा आतला प्रत्येक दिवस गरिबीमुळे काढलेला असतो.

ज्यांना जामीनच झालेला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 479नुसार, त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र होतो, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर हा फायदा मिळत नाही. कोर्टाला कळवण्याचं काम अधीक्षकांचं आहे, तरी घरच्यांनी अटकेची तारीख आणि कलमं कागदावर लिहून जवळ ठेवावीत. वकील माहीत नसेल तर 15100 हा विधी सेवेचा नंबर लावावा.

मावशींच्या त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी का नाही बोललात?" मग पगारातून फेडायच्या बोलीवर पैसे दिले. कोर्टाने रोख जामीन मान्य केला आणि मुलगा घरी आला. आल्यावर बरेच दिवस तो दाराकडे पाठ करून बसत नसे; तेही आम्ही बोलून हळूहळू सोडवतो आहोत. औषध चालू आहे. तारखेला तो स्वतः हजर राहतो. तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि भरलेले पैसेही जाऊ शकतात, हे त्याला वकिलांनी नीट समजावलं आहे. दहावीच्या गणितासाठी त्याने पुन्हा फॉर्म भरला आहे.

सोयरिकीच्या घरी मात्र अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं का, कधी, आणि मुलीला त्यात काय वाटतं, यावर आता आम्ही बोलतो आहोत. पुढच्या वेळी मुलगीही येणार आहे.