आजीची सूट आणि वडिलांचा धाक

"घरात एक माणूस कडक आणि दुसरं लाडावणारं असलं, की लेकरू बिघडतं का?" परभणीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात लहान मुलांचे पालक हा प्रश्न वारंवार विचारतात. त्यासाठी एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा साडेचार वर्षांचा. वडील मोंढ्यात आडतीच्या दुकानावर हिशेब पाहतात, आई घरी शिवणकाम करते आणि आजी नातवासाठी जिंतूर तालुक्यातल्या गावाहून येऊन राहिल्या आहेत. मुलगा खोटे बोलू लागला होता आणि वर्षभर कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले होते. बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीत काही निघाले नव्हते.

पहिल्या भेटीत मोठी माणसे बोलत असताना तो चटईवर चित्र रंगवत बसला होता, तेवढ्यात त्याच्या हातून खडू मोडला. त्याने आधी वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिले, दोन्ही तुकडे चटईखाली सरकवले आणि कोणी काही विचारण्याआधीच म्हणाला, "आजीनं मोडला." चार हात लांब बसलेल्या आजीही लगेच म्हणाल्या, "हो बाई, माझ्यानंच मोडला."

घरी रोज हेच चालत होते. दिवसभर मोबाइल मुलाच्या हातात असे आणि रात्री वडिलांच्या गाडीचा आवाज आला, की "तुझा बाप आला बघ, ठेव ते वाकळंखाली," असे आजीच सुचवीत. वडिलांना मोबाइल सापडला, की चापट बसे. आईला मधल्या मध्ये दोन्हीकडून बोलणी खावी लागत.

पालकत्वाच्या पद्धतींची जी विभागणी आज सर्रास सांगितली जाते, तिची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या अभ्यासातून केली: हुकूमशाही, मुभा देणारी आणि अधिकाराबरोबर समजावून सांगणारी. पुढे मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३मध्ये दुर्लक्ष करणारी पद्धत वेगळी दाखवली. ही नावे ऐकून पुष्कळ पालकांचा असा समज होतो, की कडक बाप आणि लाडावणारी आजी यांची बेरीज केली म्हणजे समतोल साधला. तो तसा साधत नाही, कारण समजावून सांगणाऱ्या तिसऱ्या पद्धतीत माया आणि शिस्त एकाच माणसाकडून मिळतात. त्या दोन माणसांत वाटल्या गेल्या, तर मूल नियम शिकण्याऐवजी कोण घरात आहे एवढेच पाहायला शिकते. चार वर्षांच्या मुलाने एखादे खोटे बोलणे वयाला धरूनच असते. येथे मात्र त्याला लपवण्याचा सराव घडत होता.

वडिलांना हे पटेना. "आमचा बाप नुसता खाकरला तरी आम्ही थरथरायचो. आमचं काय बिघडलं?" या प्रश्नावर मी वाद घालत नाही. मी एवढेच विचारले, की तुम्हाला तुमच्या वडिलांना काय काय सांगता येत नव्हते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग सातवीचा निकाल पंधरा दिवस धान्याच्या कणगीत लपवून ठेवल्याचे त्यांनी सांगितले, आणि हे आजींनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

आम्ही दोनच नियम ठरवले. मोबाइल संध्याकाळी अर्धा तास, घरात कोणीही असो. आणि मोडले-सांडले तर सांगायचे, मार बसणार नाही, पण पुसायचे आपणच. आजींना मोबाइल काढून घेणे जिवावर येई, म्हणून त्या वेळेला त्यांनी नातवाला शेंगा फोडायला शेजारी बसवायचे, असे आईने सुचवले. पहिला आठवडा रडारडीत गेला; सवलत बंद झाली, की मूल काही दिवस जास्तच ताणून पाहते, हे आधी सांगून ठेवले होते म्हणूनच घर टिकून राहिले.

चौथ्या भेटीत त्याच्या हातून पाण्याचा पेला सांडला. तो वडिलांकडे पाहत म्हणाला, "पप्पा, माझ्यानं सांडलं." वडिलांचा हात क्षणभर मांडीवर आवळला गेला, मग त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. अंथरूण अजून आठवड्यातून एखाद्या वेळी ओले होते. आजी पदराखाली बिस्किटाचा पुडा घेऊनच येतात. त्यावर मी अद्याप काही बोललेले नाही.