केनियाच्या किनाऱ्यावर जाताना मोंबासा शहर वगळले तर चालेल का?

तुम्ही विचारले आहे की डिसेंबरात आईवडिलांसह केनियाच्या किनाऱ्यावर आठवडाभर जायचे असल्यास लस, पैसे आणि जेवण यांची काय तयारी करावी, आणि मोंबासा शहर वगळून थेट डायनी या त्याच्या दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्याच्या गावी गेले तर काही बिघडते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या मोठ्या दिरांचा वाद अजून मिटलेला नाही. मोंबासा वगळू नका.

आमच्या सहलीची आखणी दिरांनी केली होती. नैरोबीहून 2017 साली सुरू झालेल्या नव्या रेल्वेने यायचे, स्थानकातून गाडीने डायनी गाठायचे आणि मोंबासातला फोर्ट जीझस हा जुना किल्ला बाहेरून पाहायचा, असे प्रवासी कंपनीने त्यांना सुचवले होते. “वसईचा किल्ला घराशेजारी असताना तसल्याच भिंतींसाठी अर्धा दिवस कशाला घालवायचा?” असे ते सर्वांसमोर म्हणाले. मी वसईची आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला आत जायचे होते. पोर्तुगीजांनी 1593 ते 1596 या काळात बांधलेल्या या किल्ल्याचा कारभार गोव्यातून चालत असे. ओमानच्या अरबांनी 1696 साली त्याला वेढा घातला, तेव्हा मदत गोव्याहून निघाली, आणि त्या मदतीसाठी आलेली, ठाण्याच्या संत अँथनीचे नाव धारण करणारी युद्धनौका 1697 साली किल्ल्यासमोरच बुडाली. ती नौका वसईत बांधलेली होती. 1970च्या दशकाच्या अखेरीस पाणबुड्यांनी तिच्या अवशेषांतून वर काढलेल्या वस्तू आज किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत. बाकीची मंडळी पुढे गेली, मी आणि माझे यजमान मागे राहिलो, आणि त्या दालनात मी जितका वेळ उभी राहिले तितका वेळ मी वसईच्या किल्ल्यातही कधी एका जागी उभी राहिले नसेन. चिमाजीअप्पांनी 1739 साली वसई घेतली हे आपल्याला शाळेत शिकवतात. वसईच्या गोदीतून निघालेले जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोणाच्या लढाईत बुडाले, हे मला कोणी शिकवले नव्हते. दीर आजही म्हणतात की मी सर्वांचा कार्यक्रम विस्कटला. माझे म्हणणे असे की जो कार्यक्रम समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्च्यांसाठी किल्ला वगळतो, तो मुळातच चुकीचा आखलेला असतो.

किल्ल्याला लागूनच जुने शहर आहे. तेथील कोरीव दरवाजे आणि माडीवरचे लाकडी सज्जे पाहत सकाळी लवकर पायी फिरावे, कारण डिसेंबरात दुपारी उकाडा फार असतो. वस्ती मुख्यतः मुस्लिम आहे, त्यामुळे खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. जेवणाची चिंता अनाठायी आहे. नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, म्हणजे तिकडचे म्बाझी, आणि त्याबरोबर माहाम्री ही किंचित गोड पुरी हा तेथील रोजचा नाश्ता आहे. शिवाय चपाती, भजी आणि शहाळे सहज मिळते. एवढे असताना पेटीभर ठेपले आणि खाकरे वाहून नेणाऱ्यांचे मला खरोखर वाईट वाटते.

पैशांचा व्यवहार मुख्यतः मोबाईलवरील एम-पेसाने होतो. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले की परदेशी पाहुण्यालाही ही सेवा मिळते, म्हणून विमानतळावरच ते काम उरकावे. राष्ट्रीय उद्यानांची प्रवेश फी रोख घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर 2017 पासून कडक बंदी आहे, तेव्हा सामान बांधताना त्या घरीच काढून टाकाव्यात. डायनीला भरती-ओहोटीच्या वेळा विचारून मगच समुद्रात उतरावे. वीजजोडणीला चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग लागतो.

लसीविषयी मात्र कोणाच्याही सांगण्यावर जाऊ नये. भारतातून येणाऱ्याकडे केनिया पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचा दाखला मागत नाही, असे सांगून काही दलाल विषय संपवतात. पण तो दाखला परतताना भारतात मागितला जातो आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि दाखला आयुष्यभर चालतो. तुमचे आईवडील साठीच्या पुढे असतील, तर या लसीचे गंभीर दुष्परिणाम त्या वयात अधिक संभवतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वीच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे. किनाऱ्यावर हिवताप आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे आणि परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर केनियाला जाऊन आल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.