रबाळ्यातल्या मसाला पॅकिंगसाठी ऑइल-फ्री स्क्रोल कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंप घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत गाळा घेतलाय, मसाल्याची पाकिटं भरायचं मशीन बसतंय, ५ एचपीचा कॉम्प्रेसर लागणार. डीलर ऑइल-फ्री स्क्रोल घ्या म्हणतोय आणि सोबत स्क्रोल व्हॅक्यूम पंपही गळ्यात मारतोय. साध्या पिस्टनच्या मानाने किंमत ऐकून तुम्हाला घाम फुटलाय.

कॉम्प्रेसर घ्या, पंप राहू द्या.

मी दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत हीच मशीनं खोलत-जोडत फिरतो. स्क्रोल उघडला की आत दोन चकल्या दिसतात, एकीच्या वेढ्यांत दुसरी बसवलेली. एक जागची हलत नाही. दुसरी स्वतःभोवती फिरत नाही, पण भांडं हातात धरून आतलं ताक गोल हिंदकळवावं तशी सरकत राहते. कडेला अडकलेली हवा दोन चकल्यांमधल्या चंद्रकोरीएवढ्या जागेत सापडते, ती जागा मध्याकडे जाताना लहान लहान होते आणि दाबलेली हवा मधल्या भोकातून बाहेर पडते. चकलीच्या धारेवर खाचेत एक बारीक पट्टी असते, टिप सील, टेफ्लॉनच्या जातीची. तेलाऐवजी गळती तीच रोखते. बेअरिंगला ग्रीस असतंच, पण ते हवेच्या वाटेबाहेर. कल्पना जुनी आहे: लेऑन क्रू नावाच्या फ्रेंच माणसाने १९०५ साली पेटंट घेतलं, पण एवढी अचूक चकली कापणारी यंत्रं यायला पुढची सत्तर वर्षं गेली. हवेसाठी बिनतेलाचा स्क्रोल जपानच्या ॲनेस्ट इवाताने १९९१ मध्ये आणला. आता इतरही बनवतात.

तुमच्या मशीनची हवा पाकिटाचं तोंड फुगवते, म्हणजे थेट मसाल्याला लागते. तेलाच्या कॉम्प्रेसरला चांगले फिल्टर लावून तेल घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणता येतं, पण तेलाची वाफ त्यातून निसटते, तिला वेगळा कोळशाचा फिल्टर लागतो. तो कधी भरला हे डोळ्यांना दिसत नाही, आणि वेळेवर बदलणारा मालक मला क्वचितच भेटलाय. वेलदोड्याला मशीनच्या तेलाचा वास लागला तर गिऱ्हाईक परत येणार नाही. म्हणून स्क्रोल.

पण ‘क्लास झिरो’ म्हणजे शून्य तेल, असं डीलरने सांगितलं असेल तर ते सोडून द्या. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचं जे मानक आहे, आयएसओ ८५७३-१, त्यात क्लास झिरोचा अर्थ क्लास वनपेक्षा कडक आणि आकडा वापरणारा किंवा बनवणारा ठरवणार, एवढाच. शिवाय कॉम्प्रेसर स्वतःचं तेल घालत नाही, बाहेरचं जे असेल ते मात्र ओढून घेतो. एका ठिकाणी हवा ओढायची जाळी जनरेटरच्या धुराड्यापासून चार हातांवर होती. बिनतेलाच्या मशीनमधून डिझेलचा वास! तुमच्या बाजूच्या गाळ्यात पेंटिंग चालतं का, ते आधी बघून या.

खरा वैरी पाणी. ५ एचपीचा स्क्रोल मिनिटाला साधारण ४०० लिटर हवा ओढतो, तासाला २४ घनमीटर. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा धरला तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम वाफ, म्हणजे तासाला साडेपाचशे ग्रॅमच्या वर. ती हवा ७ बारला दाबून गार झाली की त्यातलं चार-साडेचारशे मिलि पाणी सुटतं. मशीन आठ तास सलग चाललं तर टाकीत साडेतीन लिटर. एवढं पाणी मसाल्यात गेलं तर तिखटाचे लाडूच वळा. त्यामुळे बजेट ताणायचं असेल तर हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरसाठी ताणा, आणि टाकीच्या तळाला ऑटो ड्रेन, म्हणजे साठलेलं पाणी आपोआप सोडणारी झडप, लावून घ्या. ‘पोरगा रोज संध्याकाळी कॉक उघडेल’ हे पहिल्या आठवड्यापुरतं असतं.

आता पंप. पाकीट उचलणाऱ्या रबरी वाट्यांना अर्ध्या-पाऊण वातावरणाएवढी ओढ पुरते. स्क्रोल व्हॅक्यूम पंप ०.०१ मिलिबारच्या आसपास जातो, म्हणजे हवेच्या दाबाचा एक लाखावा भाग. ते काम प्रयोगशाळेचं, फ्रीझ ड्रायरचं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं. तुम्हाला कार्बनच्या पात्यांचा कोरडा पंप बास.

पावणे एमआयडीसीत एका मालकाने अशाच कामाला स्क्रोल पंप लावला होता. फिल्टर नावालाच. पंप आवाज करतोय म्हणून बोलावलं. झाकण काढलं तर खाचेतली करडी पट्टी दिसेचना, सगळ्या वेढ्यात तिखटाचा लाल लेप, बोटाने खरवडावा असा. मी सलग दहा-बारा शिंका दिल्या, माझा हेल्पर तर बाहेर पळाला. ‘पंपच खराब निघाला हो,’ मालक म्हणाले. पट्टीची पार धूळ झाली होती. कोणताही पंप घ्या, वाट्या आणि पंप यांच्यामध्ये धुळीचा फिल्टर हवाच, आणि तो रोज झटकायचा.

कोटेशनवर दोन गोष्टी लेखी मागा: टिप सील आणि ग्रीसची सर्व्हिस किती तासांनी, आणि त्या किटची आजची किंमत. पहिला चेक देण्याआधी. गाळा लहान असेल तर गरम हवा बाहेर काढायला डक्टही लावून घ्या, नाहीतर मे महिन्यात दुपारी दोनला मशीन तापून ट्रिप होईल आणि तुम्ही मला फोन कराल.